कामावर जाणारी सायकल

सायकलने कामावर जायला लागलेल्या माणसाला ओळखीचे लोक आधी एकच विचारतात : वजन किती उतरलं? त्यानंतरचा प्रश्न पेट्रोलच्या पैशांचा असतो. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण या लेखासाठी पुण्यात ज्या ज्या सायकलस्वारांशी बोललो, त्यांच्यापैकी कोणीही आपणहून वजनाचा विषय काढला नाही. कोणी झोपेबद्दल बोललं, कोणी रागाबद्दल. बँकेत नोकरी करणाऱ्या एका बाईंनी सासूशी बदललेल्या बोलण्याबद्दल सांगितलं. घरोघरी पोळ्या करणाऱ्या एका ताईंनी माहेराबद्दल. सायकल घेताना यातलं काहीच कोणाच्या मनात नव्हतं.

मी स्वतः काही वर्षांपासून कोथरूडहून पाषाणला सायकलने जातो-येतो, आणि या सगळ्यांचं ऐकताना एक गोष्ट मला पक्की पटली. हौसेची सायकल वेगळी आणि कामाची सायकल वेगळी. रविवारी पहाटे सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येणारा माणूस दिवस निवडतो, हवा बघतो, सोबत ठरवतो. त्याला जे हवं असतं ते त्याला मिळतं. कामावर जाणाऱ्याला निवड नसते. पाऊस असो, मन नसो, आदल्या रात्री जागरण झालेलं असो, दहाला पोचायचं म्हणजे पोचायचंच. तोच रस्ता, तीच वेळ, तोच चढ. न ठरवलेले बदल घडतात ते या सक्तीतून.

ही सक्ती शरीराच्या बाबतीत काय करते, याचा एक जुना दाखला लंडनचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या दुमजली बसवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच बसवर, एकाच हवेत, साधारण एकाच आर्थिक थरातले. ड्रायव्हर दिवसभर बसून, तर कंडक्टर तिकिटं फाडत जिना चढतोय, उतरतोय. दिवसाला पाचशेहून अधिक पायऱ्या. १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले, तेव्हा कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण ड्रायव्हरांपेक्षा स्पष्टपणे कमी दिसत होतं. पुढे मॉरिस यांनी गणवेशांची मापंही तपासली. ड्रायव्हरांच्या पँटींची कंबर मोठी निघाली, आणि काही जणांची तर नोकरीला लागतानाच मोठी होती. म्हणजे फरकाचं सगळं श्रेय जिन्याला देता येणार नव्हतं. मॉरिस यांनी ते प्रामाणिकपणे मांडलं. तरीही व्यायामाच्या आधुनिक शास्त्राची सुरुवात या अभ्यासापासून मानतात. त्या कंडक्टरांपैकी एकही जण तब्येतीसाठी जिना चढत नव्हता, ही यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. मॉरिस स्वतः ९९ वर्षं जगले.

अलीकडचा दाखला २०१७ चा. ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये सुमारे २ लाख ६० हजार ब्रिटिश नागरिकांची पाहणी प्रसिद्ध केली. कामावर सायकलने जाणाऱ्यांमध्ये, मोटारीने किंवा सार्वजनिक वाहनाने जाणाऱ्यांच्या तुलनेत, अकाली मृत्यूचा धोका ४१ टक्क्यांनी कमी आढळला. पाहणी निरीक्षणाची आहे, त्यामुळे सगळं सायकलमुळेच झालं असं संशोधकही म्हणत नाहीत. आणि धुराचं काय, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न. केंब्रिजमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये त्याचा हिशेब मांडला होता. दिल्लीइतक्या खराब हवेतसुद्धा आठवड्याला पाच तासांहून जास्त सायकल चालवली, तरच धुराचं नुकसान व्यायामाच्या फायद्यावर मात करील असं त्यांचं गणित निघालं. शरीराची गोष्ट इथेच थांबवतो. ती सगळ्यांना माहीत आहे आणि तिच्यासाठी कोणी सायकलवर टिकलेलं मी पाहिलेलं नाही.

बँकेतल्या बाई पन्नाशीच्या आहेत. कर्वेनगरला घर, शिवाजीनगरला शाखा. आधी स्कूटर होती. “स्कूटरवरून निघायचे तेव्हा डोक्यात बँक असायची आणि घरात शिरायचे तेव्हाही बँकच असायची,” त्या म्हणाल्या. “आता घरी पोचते तेव्हा फक्त भूक असते.” सासूबाई संध्याकाळी काही विचारण्याआधी त्यांचा चेहरा न्याहाळायच्या. आता न्याहाळत नाहीत, सरळ विचारतात. बाईंच्या लेखी सायकलची कमाई ही आहे.

हे कसं होतं, यावर मी बराच विचार केला आहे. सायकलस्वाराला वाहतुकीशी भांडता येत नाही, हे मला त्याचं मुख्य कारण वाटतं. स्कूटरवर किंवा मोटारीत हाताखाली ताकद असते. पुढच्याने वाट अडवली की ती ताकद वापरता येत नाही, आणि राग तिथेच जन्माला येतो. सायकलवर ताकद आपल्याच मांड्यांची आणि तीही मोजकीच. ती कोणाला मागे टाकण्यात घालवली तर पुढचा चढ जड जातो, हे थोड्याच दिवसांत अंगाला कळतं. दुसरं कारण वेळेचं. कर्वे रस्ता तुंबला की स्कूटरला कधी वीस मिनिटं लागतात, कधी पन्नास. बाईंच्या सायकलला पस्तीस लागतात आणि रस्ता भरलेला असला तरी चाळीसच्या वर जात नाहीत. कधी पोचणार हे माहीत असलेल्या माणसाचा जीव निम्मा निवांत असतो.

रागाबद्दल आणखी एका तरुणाने सांगितलं. तो बाणेरच्या कंपनीत संगणकावर काम करतो आणि आठवड्यातले काही दिवस मोटार नेतो. सायकलवर असताना मागून वाजलेल्या हॉर्नने काळजात कसं धस्स होतं हे कळल्यापासून त्याचा मोटारीतला हात हॉर्नवर जाईनासा झाला. रस्त्याकडेला गाडी लावली की दार उघडण्याआधी तो मान वळवून मागे बघतो. त्याच्या बायकोने हा बदल त्याच्याआधी टिपला.

मला स्वतःला मिळालेली गोष्ट वेगळी आहे. मला पुण्याची जमीन कळली.

माझा रस्ता नळस्टॉपहून विधी महाविद्यालय रस्त्याने जातो, भांडारकर संस्थेवरून सेनापती बापट रस्त्याला लागतो, चतुःशृंगीकडे उतरतो आणि विद्यापीठ चौकातून पाषाणकडे वळतो. गाडीतून जाताना या रस्त्याला चढ आहे हे जाणवलंही नव्हतं. सायकलवर तो चढ मांड्यांनी मोजून घेतला आणि मग प्रश्न पडला की हा चढ इथे का. उत्तर डाव्या हाताला उभं आहे : वेताळ टेकडीचा डोंगर, शहरातलं सर्वांत उंच ठिकाण. रस्ता त्याच्या सोंडेवरून पलीकडे जातो. अलीकडे कोथरूडच्या बाजूला पडलेलं पावसाचं पाणी मुठेकडे जातं आणि पलीकडे पाषाणला पडलेलं रामनदीतून मुळेकडे. शाळेत ‘जलविभाजक’ पाठ केला होता. तो माझ्या कचेरीच्या वाटेवर आहे हे सायकलने दाखवलं. टेकडी फोडून रस्ते नेण्याच्या योजनांवर वर्तमानपत्रात वाद चालतो तेव्हा आता मी तो नकाशा म्हणून वाचत नाही. कुठलं पाणी कुठे अडेल हे डोळ्यांपुढे येतं.

डिसेंबरात पाषाण रस्त्याला लागलं की गारवा एकदम अंगाला भिडतो. दोन मिनिटांपूर्वी चौकात स्वेटर नकोसा झालेला असतो आणि इथे बोटं बधिरतात. हा भास नाही. रात्री टेकड्यांवरची हवा थंड होते, जड होते, उतारावरून खाली सरकते आणि सखल भागात साचून राहते. हवामान खात्याच्या हिवाळ्यातल्या नोंदींत पाषाणचं किमान तापमान लोहगावपेक्षा खाली असतं, त्यामागे मोकळी जमीन आणि झाडांचाही हात आहे. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सकाळी तोंडावर येतो आणि संध्याकाळी पाठीला लागतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर घरी लवकर पोचायला होतं. ऑक्टोबर सरताना अंधार पडला की सातवीण फुलल्याचं आधी नाकाला कळतं, झाड नंतर दिसतं. बुचाच्या फुलांचा सडा पडतो ती जागा ठरलेली आहे. महिना कोणता चाललाय हे मी कॅलेंडर न बघता सांगू शकतो, आणि हे ज्ञान माझ्या आजोबांच्या पिढीला शेतावर जाता-येता फुकट मिळत होतं.

याच रस्त्यावर मला गुरू भेटले. पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतून पाषाणजवळच्या एका कंपनीत रखवालदारीला जाणारे काका. काळी जुनी सायकल, मागे कॅरिअर, हँडलला डब्याची पिशवी. चढावर मी धापा टाकत असताना ते शेजारून संथपणे निघून जायचे. एकदा सिग्नलला बोलणं झालं. चढ दिसला की वर बघायचं नाही, पुढच्या चाकासमोरचा दहा हात रस्ता बघायचा. पॅडलवर टाच टेकवायची नाही, चवडा टेकवायचा. घरून दहा मिनिटं आधी निघायचं, म्हणजे जीव तोडून चालवावी लागत नाही. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, दर पावसाळ्याआधी काढून घ्यायचा. हे सगळं त्यांनी दोन-तीन सिग्नलांच्या हप्त्यांत शिकवलं.

ओळख वाढल्यावर ते एक वाक्य बोलले, जे मी विसरू शकत नाही. “साहेब, तुम्ही सायकल सोडली तर लोक विचारतील, काय झालं? मी सोडली तर म्हणतील, चला, सुधारला एकदाचा.” त्यात तक्रार नव्हती. त्यांनी फक्त सांगितलं. त्यांचा मुलगा हप्त्यावर मोटरसायकल घेण्याच्या विचारात होता आणि काकांना त्याचा आनंद होता.

२०११ च्या जनगणनेत पहिल्यांदा देशातले लोक कामावर कसे जातात हे विचारलं गेलं. शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामं करणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलने जात होते. स्कूटर-मोटरसायकलने जाणाऱ्यांचं प्रमाण जवळपास तेवढंच होतं, बसने जाणाऱ्यांचं थोडं कमी. हे १३ टक्के म्हणजे हेल्मेट आणि चकचकीत कपडे घातलेले लोक नव्हेत. ते काकांसारखे लोक आहेत : रखवालदार, गवंडी, दूधवाले, कारखान्यांतले हंगामी कामगार. मोटारीच्या काचेतून ते दिसत नाहीत. सायकलवर बसल्याबरोबर ते शेजारी असतात, त्यांच्याच वेगात, त्यांच्याच धुळीत. शहरातल्या सुशिक्षित सायकलस्वाराच्या आयुष्यात घडणारा सर्वांत मोठा बदल मला हाच वाटतो. आपण ज्यांच्या जिवावर शहर चालवतो, त्यांच्याशी खांद्याला खांदा लावून थांबण्याची जागा आपल्या जगण्यात दुसरी कुठे उरली आहे?

एके दिवशी मी काकांना त्यांच्या कंपनीच्या फाटकापर्यंत सोबत केली. आत मोटारींसाठी पांढऱ्या पट्ट्यांनी आखलेल्या चौकटी होत्या. दुचाकींना पत्र्याची शेड होती. काकांनी सायकल कुंपणाच्या जाळीला टेकवली आणि साखळी घातली, उन्हापावसात. पार्किंगची बारा तास राखण करणाऱ्या माणसाच्या वाहनाला त्या पार्किंगमध्ये जागा नव्हती.

पोळ्या करणाऱ्या ताईंची गोष्ट याच्या उलट दिशेने सुरू होते. चाळिशीत त्या सायकल शिकल्या. शिकवलं शाळेतल्या मुलीने, सुट्टीच्या दिवशी मैदानात. कारण साधं होतं : घरं लांब लांब, पायी चार व्हायची, पाचवं मिळालं तर हवं होतं. आता सहा होतात आणि दुपारी अर्धा तास आडवंही व्हायला मिळतं. पण त्या रंगून बोलल्या ते माहेराबद्दल. धायरीला आई असते, एकटी, गुडघ्यांनी अधू. आधी तिकडे जायचं म्हणजे नवऱ्याकडे रिक्षाचे पैसे मागायचे, मग तो म्हणणार पुढच्या आठवड्यात बघू. आता काम आटपलं की पदर खोचतात आणि जातात. “विचारून नाही जात, सांगून जाते,” एवढं म्हणून त्या हसल्या.

त्यांच्याशी बोलताना मला पुदुकोट्टै आठवत होतं. तमिळनाडूतल्या या मागास जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरतेची मोठी चळवळ झाली. गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्या स्त्रियांना बसची वाट बघावी लागू नये, म्हणून त्यांना सायकल शिकवायचं ठरलं. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी जोर लावला, बँकांकडून सायकलींसाठी कर्जं मिळवून दिली. मग शेतमजूर बायका आल्या, खाणीत काम करणाऱ्या आल्या, अंगणवाडीच्या आल्या, परिचारिका आल्या. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा त्यांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या. १९९२ च्या महिलादिनी दीड हजारांवर बायका घंट्या वाजवत जिल्ह्याच्या गावातून गेल्या. पी. साईनाथ यांनी ‘एव्हरीबडी लव्हज अ गुड ड्रॉट’ या १९९६ च्या पुस्तकात याचं वार्तांकन केलं आहे. त्यांनी नोंदवलेली संख्या एक लाखाहून अधिक स्त्रियांची आहे. माल विकायला जास्त गावं करता आली, पाणी आणि मुलांची ने-आण उरकून वेळ उरला, नवरा-भावावर अवलंबून राहणं घटलं. टवाळीही झाली, घाणेरडे शेरे ऐकावे लागले. त्या बायकांना मात्र पैशांपेक्षा आपल्यात आलेली हिंमत मोठी वाटत होती. अक्षरओळखीच्या मोहिमेने हे काही ठरवून आखलेलं नव्हतं.

बिहारचा अनुभव आकड्यांत सांगता येतो. २००६ मध्ये तिथल्या सरकारने नववीत जाणाऱ्या प्रत्येक मुलीला सायकलीसाठी २,००० रुपये द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून या योजनेचा परिणाम तपासला. माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं, मुलगे आणि मुलींमधली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली. शाळा तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत फरक सर्वांत ठळक होता. थव्याने शाळेला निघालेल्या मुली रोज रस्त्यावर दिसू लागल्या आणि मुलीने एकटीने गावाबाहेर जाऊ नये या समजुतीलाही धक्का बसला. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. या मुलींशी बोलून, त्यांच्या आयुष्यात शाळेखेरीज काय बदललं हे कोणीतरी मनापासून लिहून काढायला हवं.

पुण्याला हे सगळं नवं असण्याचं कारण नव्हतं. साठीच्या-सत्तरीच्या दशकात हे सायकलींचं शहर होतं. खडकीचे दारूगोळ्याचे कारखाने, पिंपरीची पेनिसिलिनची कंपनी, कॉलेजं, कचेऱ्या, सगळीकडे सायकलींचे लोंढे जायचे. महापालिकेचा सायकलकर होता आणि तो भरल्याचा पत्र्याचा बिल्ला सायकलला लावावा लागे. दिव्याशिवाय रात्री निघालं किंवा डबलसीट बसलं की पोलीस पकडत. चौकाचौकांत तासाच्या भाड्याने सायकली मिळत. १९७२ मध्ये लूना आली, त्याच वर्षी चेतक आली. इथल्याच कंपन्यांनी काढलेल्या या गाड्यांनी सायकलला हळूहळू कडेला ढकललं. २०१८ मध्ये पुण्यातल्या वाहनांची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेली. त्याच सुमारास महापालिकेने आठशेहून अधिक किलोमीटर सायकलमार्गांचा आराखडा मंजूर केला. आज शहरात जे सलग सायकलमार्ग शोधून सापडतात ते या आकड्याच्या जवळपासही नाहीत. जे आहेत त्यांच्यावर मोटरसायकली चालतात, टपऱ्या लागतात किंवा मध्येच खांब येतो.

म्हणून कोणालाही ‘उद्यापासून सायकल काढा’ असं बेधडक सांगायला माझी जीभ रेटत नाही. भीती खरी आहे. देशात २०२२ साली साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार रस्त्यांवर मेले. बँकेतल्या बाई थंडीत अंधार लवकर पडतो म्हणून शाखेतून पंधरा मिनिटं आधी निघण्याची परवानगी मागून घेतात. ताई उड्डाणपूल टाळून गल्ल्यांतून जातात. मी स्वतः विद्यापीठ चौकात उतरून सायकल हातात धरून रस्ता ओलांडतो. सायकलस्वाराच्या धैर्याचं कौतुक करण्यापेक्षा त्याला धैर्याची गरज पडू नये हे बघणं शहराचं काम आहे, आणि ते शहराने केलेलं नाही.

तरी सगळं महापालिकेवर सोडून देण्याजोगं नाही. कार्यालयाच्या आवारात छपराखाली सायकल लावायची जागा, कपडे बदलायला एक खोली, तोंड धुवायला एक नळ, यांना कोणाचा आराखडा लागत नाही. आमच्या सोसायटीत घरकामाला येणाऱ्या बायकांच्या सायकली फाटकाबाहेर, रस्त्यावर लागायच्या. हा विषय सभेत मांडला तेव्हा विरोध झाला, दोन सभा गेल्या. आता जिन्याखालची अडगळ काढून तिथे स्टँड केला आहे. खर्च एका मोटारीच्या सर्व्हिसिंगपेक्षा कमी आला.

तुम्ही सायकल चालवत असाल वा नसाल, दिवाळीनंतर तुमच्या सोसायटीची किंवा कचेरीची जी बैठक होईल तिच्यात हा विषय घ्या. आणि जागा ठरवताना आधी रखवालदाराची सायकल आत घ्या, मग बाकीच्यांच्या.